तुम्ही विचारलंत म्हणून : तारण फक्त ख्रिस्ती माणसालाच मिळतं का?

नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. नवस बोलायला, फेडायला, मेणबत्ती लावायला सगळ्या धर्मांची माणसं येतात आणि त्यांच्यातलंच कोणीतरी विचारतं, "आमची श्रद्धा आहे, पण आम्ही ख्रिस्ती नाही. तुमच्या शिकवणीप्रमाणे आम्हाला तारण आहे की नाही?" कॉलेजातली मुलं तोच प्रश्न जरा तिखट करून विचारतात : "तुमचा देव फक्त तुमचाच का?" आणि ख्रिस्ती घरांतही तो दबक्या आवाजात येतो : "आमचे पणजोबा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) न घेताच गेले. त्यांचं काय?"

तिघांनाही आधी थोडक्यात उत्तर देतो. ख्रिस्ती शिकवणीत तारणाला, म्हणजे पापातून सुटका होऊन देवाजवळ सार्वकालिक जीवन मिळण्याला, जन्माची, वंशाची, जातीची, भाषेची, देशाची अट नाही. तारण येशू ख्रिस्ताकडून येतं, हे सगळ्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती पंथ, मानतात. ज्याच्यापर्यंत ख्रिस्ताचं नाव कधी पोचलंच नाही, किंवा पोचलं ते भलत्याच रूपात पोचलं, त्याचं काय होतं, यावर मात्र मंडळ्यांत मतभेद आहेत. कॅथलिक मंडळी कुणाला संत जाहीर करते, पण अमुक माणूस तारणाला मुकला असं जाहीर करण्याचा अधिकार तिने स्वतःकडेही ठेवलेला नाही. पणजोबांबद्दल विचारणाऱ्यांनी एवढं तरी मनाशी पक्कं धरावं.

आता सविस्तर. हे दार सगळ्यांना खुलं झालं ते कुणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या पिढीत जेवणाच्या पंगतीवरून वाद झाला आणि त्या वादातून ही शिकवण पक्की झाली. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा वाद चटकन कळतो, कारण रोटीव्यवहार, विटाळ, बाटणं हे शब्द आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

मुळापासून बघायचं तर अब्राहामापाशी जावं लागतं. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात देव एका माणसाला निवडतो आणि त्याच दमात सांगतो की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील. निवड एकाची, हेतू सगळ्यांचा. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, हा धागा वारंवार वर येतो. रूथ मवाबी होती, ती दाविदाची पणजी झाली. अरामी सेनापती नामानाचं कोड बरं झालं. योना संदेष्ट्याला शत्रूच्या निनवे शहरात पाठवलं. ते शहर वाचलं म्हणून तो रुसून बसला, तेव्हा देवाने त्याला विचारलं, ज्या शहरात एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत त्याची मी कीव करू नये का? ते पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. यशया तर परदेशी माणसालाही देवाच्या प्रार्थनागृहात जागा देतो.

हे सांगण्याचं कारण असं की, "यहुदी धर्म संकुचित होता, ख्रिस्ती धर्माने तो मोकळा केला" असं सरसकट बोललं जातं, आणि ते खोटं आहे. ज्यांनी दार उघडलं ते मंडळीचे पहिले पुढारी पेत्र, पौल, बर्णबा, याकोब सगळे यहुदीच होते आणि आधार म्हणून त्यांनी आपल्याच शास्त्रातली वचनं काढली.

येशूची दोन वचनं या विषयात अडचणीची ठरतात. ती लपवण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याने ती बहुधा वाचलेली असतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) १० व्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो, परराष्ट्रीयांकडे, म्हणजे यहुदी नसलेल्यांकडे, जाऊ नका. १५ व्या अध्यायात एक कनानी, म्हणजे परकी, बाई मुलीसाठी विनवत येते, तर तो आधी गप्प राहतो, मग म्हणतो की मला इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलंय, आणि मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. वाचताना हे बोचतं आणि बोचायलाच हवं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. ती बाई म्हणते, खरं आहे प्रभो, पण मालकाच्या मेजावरून पडलेले तुकडे कुत्रीही खातात. येशू तिचं म्हणणं मान्य करतो, तिचा विश्वास मोठा आहे असं म्हणतो, आणि मुलगी बरी होते. ज्या मत्तयाने हे नोंदवलं तोच शुभवर्तमानाच्या शेवटी "सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा" ही येशूची आज्ञा नोंदवतो, आणि सुरुवातीच्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ या बायकांची नावं मुद्दाम घालतो. आधी इस्राएल, मग सगळी राष्ट्रं, असा हा क्रम आहे. क्रमाला कुणी कुंपण समजू नये. लूकच्या ४ थ्या अध्यायात येशू स्वतःच्या गावात, नासरेथात, सारफथची विधवा आणि नामान अशी दोन परक्यांची उदाहरणं देतो, तेव्हा गावकरी खवळून त्याला कड्यावरून लोटायला निघतात. त्याला गावातून पहिला विरोध झाला तो याच विषयावरून.

कुंपणाचं म्हणाल तर ते खरोखर होतं, दगडाचं. यरुशलेमच्या मंदिरात बाहेरचं मोठं अंगण सगळ्यांना खुलं होतं. त्याच्या आत कठडा होता आणि कठड्यावर सूचना कोरलेल्या होत्या : परक्याने याच्या पलीकडे येऊ नये. आला आणि सापडला तर येणाऱ्या मृत्यूला तो स्वतः जबाबदार. ग्रीक अक्षरांतला असा एक अख्खा दगड १८७१ साली यरुशलेमात सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाला मंदिरात अटक झाली ती त्याने त्रफिम नावाच्या इफिसच्या, यहुदी नसलेल्या माणसाला या कठड्याच्या आत नेलं असा समज झाल्यामुळे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने "मधली आडभिंत" पाडली असं म्हटलंय, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी मंदिर पाहिलं होतं त्यांच्या डोळ्यांपुढे हा कठडा आला असणार. आणि येशूने व्यापाऱ्यांचे चौरंग उलथले तेही बाहेरच्याच अंगणात. माझं घर सर्व राष्ट्रांचं प्रार्थनागृह, हे यशयाचं वचन त्याने तिथेच उच्चारलं. परक्यांना जेवढी जागा होती तेवढीही बाजाराने व्यापली होती. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या शहरात सुरू झाला, त्या शहरात देवळाच्या दाराशी अडवलं जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याचा कस लागला तो "प्रेषितांची कृत्ये" या पहिल्या मंडळीची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकाच्या १० व्या अध्यायात. मला विचाराल तर पूर्ण नव्या करारात या प्रश्नावर याहून महत्त्वाचा अध्याय नाही, आणि तो घाईने वाचला जातो.

पेत्र यापो गावात शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरलेला असतो. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध, म्हणजे शुद्धाशुद्ध पाळणाऱ्यांच्या नजरेत हलका धंदा. पेत्र निम्मा उंबरठा आधीच ओलांडून बसलाय. तिकडे सुमारे ५० किलोमीटरवर कैसरीयात कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती राहतो. तो प्रार्थना करणारा, दानधर्म करणारा आहे, पण सुंता न झालेला, म्हणजे यहुदी नव्हे. त्याला दुपारी तीनच्या सुमारास देवदूताचं दर्शन होतं, तो सांगतो की पेत्राला बोलावून आण. दुसऱ्या दिवशी दुपारी पेत्र घराच्या धाब्यावर प्रार्थना करतोय, त्याला भूक लागलीय, खाली जेवणाची तयारी चाललीय. त्याला दिसतं ते असं : आकाशातून चारी कोपरे धरून सोडलेली मोठी चादर, तीत चतुष्पाद, सरपटणारे प्राणी, पाखरं. आवाज येतो, ऊठ, मारून खा. तो म्हणतो, नाही प्रभो, निषिद्ध मी कधी खाल्लं नाही. उत्तर येतं, देवाने जे शुद्ध केलं त्याला तू निषिद्ध मानू नकोस. असं तीनदा होतं, आणि तो विचारात असतानाच कर्नेल्याची माणसं दाराशी येतात.

पुढची प्रत्येक पायरी नीट बघावी. पेत्र त्या परक्यांना रात्री घरात ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी सहा भावांना सोबत घेऊन निघतो, म्हणजे साक्षीदार घेऊन. कर्नेल्य त्याच्या पाया पडतो, तर पेत्र त्याला उठवतो : मीही माणूसच आहे. मग ते वाक्य येतं, देव पक्षपाती नाही, प्रत्येक राष्ट्रात जो त्याचं भय बाळगतो आणि नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे. पेत्राचं बोलणं अजून चालू असतानाच पवित्र आत्मा त्या सगळ्यांवर उतरतो. बाप्तिस्मा नंतर होतो. देवाने आधी केलं, मंडळीने मागाहून त्यावर सही केली. पेत्र यरुशलेमला परतल्यावर त्याच्यावर आरोप ठेवला जातो तो असा की, तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. उपदेश केलास किंवा पाणी घातलंस अशी तक्रार कुणी करत नाही. दुखतं ते जेवणावरून.

पुढे अंत्युखिया शहरात काही लोक येऊन शिकवू लागले की सुंता केल्याशिवाय तारण नाही. साधारण इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये सभा भरली. पेत्राने कर्नेल्याच्या घरचा दाखला दिला आणि विचारलं की जे जू आम्हाला आणि आमच्या वाडवडिलांना वाहता आलं नाही ते यांच्या मानेवर कशाला? पौल आणि बर्णबाने परदेशातले अनुभव सांगितले. याकोबाने आमोस संदेष्ट्याचं वचन काढून निकाल दिला. परराष्ट्रीयांना सुंता नको. चार गोष्टी टाळाव्यात एवढंच : मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि व्यभिचार. या चारच का? बहुतेक अभ्यासक सांगतात ते पटण्यासारखं आहे : त्यांतल्या तीन जेवणाशी संबंधित आहेत. दोन्हीकडच्या माणसांना एका पंगतीला बसता यावं, निदान एकमेकांना किळस येऊ नये, यासाठी हा तोडगा होता.

निर्णय कागदावर आला तरी माणसं लगेच बदलत नाहीत. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पण याकोबाकडची माणसं आल्यावर तो हळूच बाजूला झाला, आणि त्याचं पाहून बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावलं. पौलाचं म्हणणं असं होतं की वेगळी पंगत मांडणं हा शिष्टाचाराचा किंवा सोयीचा प्रश्न नव्हे, ते शुभवर्तमानाशीच विसंगत आहे. कारण माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आणि विश्वासाला कूळ नसतं. त्याच पत्रात पुढे येतं की ख्रिस्तात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही.

म्हणून आपल्या मंडळ्यांमध्ये जात टिकून राहते तेव्हा ती नुसती सामाजिक उणीव मानून चालत नाही. यरुशलेमच्या सभेने जे ठरवलं ते आपण मोडतोय असा त्याचा अर्थ होतो. दक्षिण भारतात चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) पुढे येण्याचा क्रम वेगळा असे प्रकार होते. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून हे ताबडतोब आणि कायमचं बंद करायला सांगितलं. पुष्कळ माणसं त्यावरून मंडळी सोडून गेली. आपल्याकडे बसायच्या जागा वेगळ्या नसतील, पण लग्न जुळवताना "मूळचे कुठले?" हा प्रश्न हळूच विचारला जातोच, आणि विचारणाऱ्याला काय जाणून घ्यायचंय ते दोन्ही बाजूंना कळतं. गलतीकरांस पत्र वाचून झाल्यावर तो प्रश्न विचारणं मला तरी अशक्य वाटतं.

नाशिकमध्ये या शिकवणीची एक वेगळीच खूण आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरची वस्ती उभी केली. तिथे ख्रिस्ती झाल्यामुळे घर तुटलेली मराठी माणसं राहत, आणि इंग्रज आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही. शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. त्यांतला जेकब वेनराइट १८७३ साली आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूच्या वेळी तिथे होता. दफनाची प्रार्थना त्याने वाचली, झाडाच्या खोडावर नाव त्याने कोरलं, आणि पुढच्या वर्षी शवपेटीबरोबर तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत गेला. नंतर मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलं तेव्हा नाशिकला शिकलेली पुष्कळ आफ्रिकी माणसं तिकडे गेली आणि तिथल्या मंडळीचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे रंगवून सांगायला नको. त्या मुलांनी काय शिकावं, कुठे जावं हे ठरवणारे इंग्रज होते. तरीही मराठी माणूस आणि पूर्व आफ्रिकेतून पळवून आणलेलं पोर एकाच चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून घेत होते, ते याच शहरात.

याच भागातली दुसरी खूण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत त्यांचं सोवळंओवळं आधी सुटलं आणि बाप्तिस्मा मागून आला. कर्नेल्याच्या घरचाच क्रम. टिळकांनी पुढे १९१७ साली "देवाचा दरबार" सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत ते गेले, त्यामुळे ती कल्पना पुरती उभी राहिली नाही. पण बाळ येशूच्या यात्रेतल्या माणसाने जो प्रश्न विचारला तो टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

आता त्या प्रश्नाचा अवघड अर्धा भाग. दार सगळ्यांना खुलं आहे हे मान्य, पण दार एकच आहे ना? "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" हे योहानाच्या १४ व्या अध्यायात आहे. दुसऱ्या कोणत्याच नावाने तारण नाही, हे पेत्राचं वाक्य प्रेषितांच्या कृत्यांच्या ४ थ्या अध्यायात आहे. ही वचनं कुठलीच मंडळी गाळत नाही. मतभेद आहे तो ख्रिस्त ज्याला तारतो त्याला ख्रिस्ताची जाणीव असायलाच हवी का, एवढ्यावर.

"मंडळीबाहेर तारण नाही" हे वाक्य कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचं, तिसऱ्या शतकातलं. ते त्यांनी लिहिलं मंडळीतून फुटून निघालेल्यांच्या संदर्भात. पुढे ते सगळ्या जगाला लावलं गेलं, आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते फार कडक शब्दांत मांडलं. १८६३ साली पोप नववे पायस यांनी लिहिलं की ज्याला आपली चूक नसताना ख्रिस्ती धर्माची ओळखच झाली नाही, पण जो अंतःकरणातला नियम पाळून प्रामाणिकपणे जगतो, त्याला देवाच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळू शकतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत लिओनार्ड फीनी नावाचे धर्मगुरू "बाप्तिस्मा नाही तर तारण नाही" असं शब्दशः शिकवू लागले, तेव्हा १९४९ साली रोमने त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला, आणि रोमला येण्याचा आदेश त्यांनी पाळला नाही म्हणून १९५३ साली त्यांना बहिष्कृत केलं. जास्तच कडक शिकवण्याच्या वादातून मंडळीबाहेर जावं लागलेला हा माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे. नंतर ते परत आले.

२१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मंडळीविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्याचा १६ वा परिच्छेद या विषयावर आज कॅथलिकांसाठी प्रमाण आहे. त्यात क्रमाने यहुदी येतात, मग मुसलमान, मग छायेत आणि प्रतिमांत अज्ञात देवाला शोधणारे, आणि शेवटी देवाची स्पष्ट ओळख न झालेले पण चांगलं जगू पाहणारे. देव यांच्यापैकी कुणापासूनही दूर नाही, त्यांच्या तारणाला लागणारी मदत तो नाकारत नाही, असं तिथे म्हटलंय. पण त्याच्या दोन परिच्छेद आधीचं वाक्य आमच्यासारख्यांनी जास्त वाचायला हवं : जो मंडळीत देहाने आहे पण प्रीतीत टिकत नाही, त्याचं तारण होत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात असणं पुरत नाही.

प्रोटेस्टंटांत एकच उत्तर नाही. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने ख्रिस्ताचं मरण देवाने निवडलेल्यांनाच प्रत्यक्ष तारतं असं शिकवलं. जॉन वेस्ली यांनी ते सगळ्यांसाठी आहे असं ठासून सांगितलं, आणि मेथडिस्ट परंपरा तेच मानते. इव्हँजेलिकल मंडळ्यांचा १९७४ चा लोझान करार म्हणतो की देवाने सृष्टीतून स्वतःला सगळ्यांना दाखवलं असलं तरी तेवढ्याने तारण होत नाही, म्हणून शुभवर्तमान सांगितलंच पाहिजे. मला कर्नेल्याची गोष्ट मध्यभागी ठेवावीशी वाटते. त्याची प्रार्थना आणि दानधर्म देवाने पेत्र येण्याआधीच ऐकला होता, हे देवदूत स्वतः सांगतो. तरीही त्याला "आहेस तसाच राहा" असं सांगितलं गेलं नाही, पेत्राला बोलावून घे असं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच हा अध्याय पुरता कळतो. पणजोबांच्या पतवंडांनी त्यातला पहिला भाग वाचावा. स्वतःसाठी निर्णय घेणाऱ्याने दुसराही वाचावा.

निर्णय घ्यायचा म्हटलं तर प्रत्यक्षात काय होतं, हेही विचारलं जातं. कॅथलिक मंडळीत मोठ्या माणसाला आधी शिकवणीच्या काळातून जावं लागतं, बहुधा वर्षभर. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवडीचा विधी होतो, आणि पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (पवित्र आत्म्याने श्रद्धा पक्की करण्याचा विधी) व पहिलं प्रभुभोजन एकत्र मिळतं. स्वतःची इच्छा, शिकवण, ख्रिस्ती जगण्याचा सराव आणि पापांचा पश्चात्ताप एवढंच मागितलं जातं. जात विचारण्याचं कलम नाही. नाव बदलण्याची सक्ती नाही, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं एवढंच. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या १९७० च्या एकीकरणापासून, बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. पेंटेकॉस्टल व बॅप्टिस्ट मंडळ्यांत समजत्या वयातला, पूर्ण बुडवून.

विधी अगदी साधा आहे, पण तो बिघडू शकतो. पाणी डोक्यावरून वाहायला हवं किंवा माणूस पाण्यात बुडायला हवा, नुसता ओला हात लावून भागत नाही. शब्द "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो" असेच. काही ठिकाणी सगळ्या समाजाच्या वतीने म्हणून "आम्ही तुला देतो" असं म्हटलं जाऊ लागलं, तेव्हा २०२० साली रोमने तसे बाप्तिस्मे झालेच नाहीत असं ठरवलं. देणारा ख्रिस्त आहे, समाज नव्हे, असं त्यामागचं कारण. आणि एक गोष्ट फारशी माहीत नसते : मरणाच्या दारात कोणी असेल तर कॅथलिक नियमाप्रमाणे कोणीही माणूस, तो स्वतः ख्रिस्ती नसला तरी, मंडळीचा हेतू मनात धरून, हे पाणी आणि हे शब्द वापरून बाप्तिस्मा देऊ शकतो. रुग्णालयातली हिंदू नर्सही.

बिघाडाचं जास्त मोठं कारण म्हणजे घाई आणि आमिष. आमिष दाखवून, मग ते नोकरीचं, शाळेचं, औषधाचं असो की लग्नाचं, कुणाला धर्मात ओढणं व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या मिशनकार्याविषयीच्या दस्तऐवजाने निषिद्ध ठरवलंय. असा बाप्तिस्मा टिकत नाही आणि गावात वैर मागे ठेवतो. ज्याला विचारायचंय त्याला कायदाही आधी सांगावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर तो दर्जा राहत नाही, अनुसूचित जमातीच्या माणसाचा राहतो. हे लपवून शिकवणारा धर्मगुरू समोरच्याला फसवतोय असंच मी म्हणेन.

राहिला यात्रेत विचारलेला प्रश्न. बाळ येशूपुढे मेणबत्ती लावून तुम्ही आपोआप ख्रिस्ती होत नाही, आणि ख्रिस्ती नाही म्हणून तुमची प्रार्थना परत येत नाही. नवस फेडून हिशोब मिटवावा तसं तारण नाही, कारण ते विकत मिळत नाही आणि त्याची परतफेडही करता येत नाही. ते देवाकडून येतं.

चर्चमध्ये रविवारी येऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही. चप्पल काढायची की नाही हे शेजारच्याचं बघून ठरवा, जागा कुठलीही घ्या, इतर उभे राहिले की उभे राहा. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्याने भाकर घ्यायची नसते. इथे तुम्ही मला अडवाल : एवढं पंगतीचं सांगितलंत, आणि शेवटी पंगत वेगळीच? प्रश्न रास्त आहे. फरक असा की त्या मेजाशी बसण्याची अट बाप्तिस्मा आहे आणि बाप्तिस्मा कुणालाही नाकारलेला नाही. जन्मावरून ठरलेलं कुणी तिथे बाहेर नसतं. काही प्रोटेस्टंट मंडळ्या ही अटही सैल ठेवतात, म्हणून आधी विचारून घ्यावं. तोवर बाकावर बसून राहिलात तरी चालतं, किंवा पुष्कळ ठिकाणी दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून रांगेत जाता येतं, म्हणजे धर्मगुरूंना कळतं आणि ते आशीर्वाद देतात. त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही.